पंचवीस पावलं

ट्रेगरॉनच्या गल्लीत, लोकरीच्या वखारीमागे
इदवलचं दुकान.
दाराला घंटी नाही. त्याची म्हातारी कुत्री
एक डोळा उघडते, तीच घंटी.

मी म्हटलं, सगळ्यात ताकदीची दाखव.
परवाना आलाय. पोलीस घरी येऊन बघून गेले,
लोखंडी कपाट भिंतीत ठोकलंय,
किल्ली कुठे असते ते फक्त मला ठाऊक.

तो म्हणाला, मारायचं काय?

ससे. वरच्या कुरणात.
मेंढ्यांच्या तोंडचं गवत पहाटेच उरकतात,
आणि मार्चमध्ये एका गाभण मेंढीचा पाय
त्यांच्या बिळात गेला, मोडला.
कोठारात उंदीर. ओटच्या पोत्यांना भोकं.
हेझलच्या झाडांवर करड्या खारी,
साल अशी सोलतात की मजुरी द्यावी.

त्याने फळीवर तीन बंदुका मांडल्या.
पहिली स्प्रिंगची, नळी मोडून भरायची.
हिला टाकी नको, पंप नको, पण ही उसळते.
घट्ट धरलीस की रुसते;
झोपलेलं मूल पेलतो तशी पेल.

दुसरीच्या पोटाखाली हवेची बाटली.
उचलली तर थंड, मुकी.
चाप ओढल्यावर कोणीतरी
शेजारच्या खोलीत पुस्तक मिटावं, एवढाच आवाज.

तिसरी जाड नळीची.
साठ पावलांवर ससा जागीच, इदवल म्हणाला,
पण कोठारात उडवलीस तर पत्र्यातून आरपार,
आणि पत्र्यापलीकडे तुझी आई
धुणं वाळत घालत असेल.

मी तिसरीवरचा हात काढला नाही.

बाबांच्या बंदुकीचं त्याला सांगितलं नव्हतं.
तिचं चामडी वॉशर झिजलेलं,
छर्रा सुटायचा तो खोकल्यासारखा.
नोव्हेंबरात कुंपणापाशी मी एक ससा टिपला
आणि तो मेला नाही.
ससा ओरडतो, हे पुष्कळांना माहीत नसतं.
मी धावत गेले. पुढचं हातांनी केलं.
त्या रात्री भाकरी कापताना
सुरी आईकडे दिली.

इदवलने काही विचारलं नाही.
खणातून पुठ्ठा काढला, त्यावर दहा पेनीचं नाणं ठेवलं,
पेन्सिल फिरवली.
ताकद म्हणजे दया नव्हे, तेग्वेन.
दहा छर्रे सोड. दहाच्या दहा या गोलात गेले
तर तेवढं तुझं अंतर.
नऊ गेले तर पुढे ये.
अंतर बंदूक नाही ठरवत.

मी मधली घेतली.
एका चांगल्या एडक्याची किंमत,
वर छर्ऱ्यांचे दोन डबे, आणि पंप,
ज्याने पहिल्याच दिवशी माझे खांदे धरले.

अंगणात, चिखलात, गवताच्या गंजीला पुठ्ठा टाचून:
चाळीस पावलांवरून सात.
वारा, मी म्हटलं. पण वारा नव्हता.
तीसवरून नऊ.
तो दहावा कितीदा मोजला तरी रेघेबाहेरच.
पंचवीसवरून दहा.
पुन्हा दहा.
आई खिडकीतून बघत होती, तिने पडदा ओढला.

एप्रिलची संध्याकाळ. मी नेचांत पालथी पडलेले,
कोपरं भिजलेली.
वर एक ससा बसून कान पुसतोय,
पुढच्या दोन पायांनी, एकेक, सावकाश,
जसा कोणी लग्नाला निघालाय.
त्याच्यामागे टेकडीची माती, छर्रा झेलायला.
दुर्बिणीच्या रेघा त्याच्या डोळ्यामागे बरोबर जुळलेल्या.
बाटलीत दोनशे बार हवा,
माझ्या छातीत अर्धा श्वास.

चाळीस पावलं. फार तर अडतीस.

तो गवत खातो.
खाऊ दे.
मी बोट चापावरून काढते
आणि कोपरांवर पुढे सरकते,
एक.